देवदूताची भाषा आणि मेंढपाळाची भाषा

नाताळच्या नाटकात गब्रिएल दूत बोलू लागला की पुढच्या सतरंजीवरील आज्या पदर सावरून बसतात आणि मेंढपाळ बोलू लागला की मागची पोरे हसू लागतात. नांदेड-लातूरकडच्या लहान धर्मग्रामांतून आम्ही जी नाटुकली वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, त्यांतील बहुतेकांत हे असेच घडते. दूत पाठ्यपुस्तकातील मराठी बोलतो. मारिया आणि योसेफ तीच भाषा जरा हळू आवाजात बोलतात. हेरोदाच्या वाट्याला संस्कृतप्रचुर गर्जना येतात. आणि 'काय करायलास रं', 'कुठं जाऊलालास' ही जी बोली आपल्या घरात, आठवडी बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर दिवसभर कानांवर पडते, ती रंगमंचावर येते केवळ मेंढपाळाच्या आणि धर्मशाळेचे दार लावून घेणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी, म्हणजे लोकांनी हसावे अशी जेथे अपेक्षा असते तेथे.

ही विभागणी संहितेत झालेली असते असे वरवर पाहता वाटेल. वास्तविक ती त्यापूर्वीच, पात्रनिवडीच्या वेळी होते, आणि म्हणून प्रस्तुत लेखात आम्हाला पात्रनिवडीविषयीच लिहावयाचे आहे. नाटकाचे परीक्षण करताना आपण अभिनय, नेपथ्य, गायन यांविषयी लिहितो. भूमिका कोणाला आणि का मिळाली, हा प्रश्न मात्र घरगुती मानून सोडून देतो. मोठ्या शहरातील व्यावसायिक नाटकापुरते ते चालेल. जेथे नट आणि प्रेक्षक एकाच बाकावर बसून पवित्र मिस्सा ऐकतात, तेथे भूमिका-वाटप हाच प्रयोगाचा पहिला अंक असतो.

आपल्याकडे तो कसा होतो हे वाचकांस ठाऊक आहे. आगमनकाळाचा पहिला रविवार येतो. मिस्सा संपल्यावर तरुण मंडळाचे चार-सहा जण, एखादी धर्मभगिनी आणि दोन ज्येष्ठ मंडळी देवळाच्या ओट्यावर जमतात आणि पंधरा मिनिटांत सारे ठरते. मारिया गोरी हवी. योसेफ उंच हवा. गब्रिएलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वक्तृत्वाचे बक्षीस मिळालेला मुलगा हवा. उरलेले सावळे, ठेंगणे, अडखळत वाचणारे सारे मेंढपाळ, शिपाई आणि गर्दी. संहिता कोणी मोठ्याने वाचत नाही, कोणाचा आवाज कोणत्या वाक्याला कसा लागतो हे कोणी ऐकून पाहत नाही. उपवासकाळातील दुःखसहनाच्या नाटकाची गोष्ट याहून निराळी नसते. येशूची भूमिका एकदा एखाद्याकडे गेली की ती वतनासारखी त्याच्याकडे राहते आणि यहुदा इस्कार्योताला मात्र दरवर्षी नवा, बहुधा काळा माणूस शोधावा लागतो, कारण मागच्या वर्षीच्याला वस्तीतल्या मुलांनी वर्षभर त्याच नावाने चिडवलेले असते.

याच गावांत, देवळापासून रिक्षाच्या अंतरावर, दुसरी एक रंगभूमी आहे. महाराष्ट्र शासनाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा १९५० च्या दशकापासून चालत आली असून नांदेड व लातूर ही तिच्या प्राथमिक फेरीची केंद्रे आहेत. कचेरीत, शाळेत, दवाखान्यात दिवसभर राबणारी माणसे संध्याकाळी एकत्र येऊन नाटक बसवतात आणि परीक्षकांपुढे एकच एक प्रयोग करतात. त्या प्रयोगांत सुमार पुष्कळ असते. कर्कश पार्श्वसंगीत आणि उगीच चमकणारे दिवे आम्हीही सोसले आहेत. परंतु या हौशी संस्थांनी एक रीत जपली आहे, ती म्हणजे वाचनाची. हालचाली बसवण्यापूर्वी मंडळी गोल करून बसतात, संहिता हातोहात फिरते, एकच भूमिका आज एक वाचतो, उद्या दुसरा. चार-आठ दिवसांत कोणाचा आवाज कोणत्या पात्रात मुरतो हे दिग्दर्शकाने सांगण्याआधीच साऱ्यांना कळते. आपल्या धर्मग्रामांतील नाटकवेडी मुले या संस्थांत जातात, आणि स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येत असल्याने नाताळच्या तालमींना नेमकी तीच नसतात! ज्यांनी वाचनाची रीत देवळाच्या ओट्यावर आणावी, ते त्या दिवसांत दुसऱ्या ओट्यावर असतात.

नांदेडला या बाबतीत दारिद्र्य असण्याचे कारणच नाही. नाट्यशास्त्राचा व्यासंग करणारे नरहर कुरुंदकर याच गावी पीपल्स कॉलेजात होते. 'वाटा-पळवाटा'चे लेखक दत्ता भगत याच जिल्ह्याचे. १९८० च्या दशकातील त्या नाटकात दलित चळवळीच्या तीन पिढ्या एका घरात समोरासमोर येतात: वडीलधारे काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण अर्जुन. तिघांचे म्हणणे वेगळे, बोलण्याचा बाज वेगळा, परंतु लेखक कोणालाही हसण्यावारी नेत नाही. म्हाताऱ्याचा आवाज म्हाताऱ्याचा आणि पोराचा पोराचा ठेवूनही तिघांना सारख्याच वजनाची वाक्ये देता येतात, हे त्या नाटकाने दाखवले. हे नाटक वाचनाला घेतले तर, एकाच मेजाभोवती बसलेले तीन आवाज किती दूरवरून आलेले असू शकतात, हे आपल्या तरुण मंडळाला एका संध्याकाळीत उमगेल.

येथे भरतमुनींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. नाट्यशास्त्रात भूमिका-वाटपाचा स्वतंत्र विचार आहे. नटाचे वय व रूप पात्राशी जुळणारे असेल तर ती अनुरूप प्रकृती; बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची भूमिका केली तर विरूप; पुरुषाने स्त्रीची किंवा स्त्रीने पुरुषाची केली तर रूपानुरूप. म्हणजे पात्राशी न जुळणारा देह ही शक्यता भरताने सुरुवातीपासून गृहीत धरली आहे. आपल्या मारियेच्या रंगाविषयीची आपली हुज्जत दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रापेक्षाही मागासलेली आहे. त्याच ग्रंथात भाषांची वाटणीही आहे. देव, राजे, ब्राह्मण यांना संस्कृत. स्त्रिया, सेवक आणि हलक्या मानलेल्या लोकांना प्राकृत. ओट्यावरच्या पंधरा मिनिटांत आपण जी वाटणी करतो ती अजाणता नेमकी हीच असते. देवदूताला संस्कृतचे आजचे रूप, मेंढपाळाला प्राकृत.

राजदरबारच्या नाटकाला ती वाटणी शोभत असेल. शुभवर्तमानाला ती शोभत नाही, एवढेच नव्हे तर त्याचा अर्थ उलटा करते. लूकच्या कथनात दूताचा निरोप ऐकून, गोठ्यात बाळाला पाहून तो चारचौघांत सर्वांत आधी सांगतात ते मेंढपाळ. पहिले प्रवचन त्यांचे. येशू ज्या नाझरेथमध्ये वाढला त्या गावाचे नाव ऐकून, तिथून काही चांगले निघेल काय, असा प्रश्न नथनेलालाच पडला होता. यरुशलेमच्या विद्वानांच्या कानाला ही सारी मंडळी आडगावची होती. आता नाटकातील येशूला आपण पुण्याच्या व्यासपीठावरील मराठी बहाल करतो आणि मेंढपाळाच्या पहिल्या प्रवचनाला टाळ्यांऐवजी हशा मिळवून देतो.

आणि मेंढपाळाचा वेश? डोक्याला अंघोळीचा टॉवेल, अंगात कोणाचा तरी झगा. ज्या भागात धनगरवाडे आहेत, जेथली उस्मानाबादी शेळी देशभर नावाजली जाते, तेथे खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी असलेला खरा मेंढका कोणाला सुचत नाही. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसने ग्रेचो गावी गव्हाणीचा देखावा उभा केला तेव्हा त्याने खरे गवत, खरा बैल, खरे गाढव आणले होते. गाव जे देऊ शकत होते ते त्याने घेतले.

रंगाचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलून टाकू. यशयाने ज्या दुःख भोगणाऱ्या सेवकाचे चित्र रेखाटले आहे, त्याला पाहून कोणाचे डोळे दिपावेत असे रूप नव्हते. आपण ते वाचन शुभ शुक्रवारी ऐकतो आणि त्याच आठवड्यात रंगमंचावर घाऱ्या डोळ्यांचा येशू शोधतो. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी पुण्यात राहून मारियेला साडी नेसवली आणि सावळी केली. १९६७ साली ते निवर्तले. त्यांच्या हयातीत आपल्याच लोकांनी त्यांची पुष्कळ अवहेलना केली. आज त्यांची चित्रे आपण कौतुकाने छापतो. नाटकाच्या निवडीत मात्र अजून दिनदर्शिकेवरची युरोपीय मारियाच आपल्या डोळ्यांपुढे असते. सावळ्या मुलीला भूमिका मिळत नाही ती ती वाईट वाचते म्हणून नव्हे. तिला वाचायला सांगितलेलेच नसते.

बोलीविषयी मात्र आम्ही आतापर्यंत जे म्हटले त्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो आम्ही अनेकदा ऐकला आहे. बोली आली की हसू येते आणि पावित्र्य जाते, हा त्यातला वरवरचा भाग. बोलीला हसण्याची सवय कानाला लागलेली आहे हे खरे. १९७९ पासून लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगातून बावन्न पात्रे उभी करीत मराठवाडी बोली महाराष्ट्रभर आणि परदेशांत नेली आणि लोकांना पोट धरून हसवले. ते हसू मायेचे होते. पण त्यानंतर बोली म्हणजे विनोद हे समीकरण अनेकांच्या मनात पक्के झाले. ते मोडता येते, हेही मराठवाड्यानेच दाखवले. २०१२ साली रंगमंचावर आलेले, राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' पाहावे. जालना जिल्ह्यातील खेड्यांतून आलेल्या नटांनी आपल्याच बोलीत त्यात राजाचा विचार मांडला, वाद घातला, प्रश्न विचारले. प्रेक्षक हसले ते युक्तिवादाच्या धारेला, उच्चारांना नव्हे. मुंबईच्या नाट्यगृहांनीही तो प्रयोग तसाच स्वीकारला.

आक्षेपाचा खरा भाग याहून खोल आहे. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी कुटुंबांना शाळेची पायरी चढण्यासाठीच दोन पिढ्या झगडावे लागले. 'शुद्ध' बोलता येणे ही त्यांच्या दृष्टीने कमाई आहे. उच्चारांवरून जात ओळखण्याचा काळ त्यांनी भोगला आहे. मुलीने व्यासपीठावर दूताची लांबलचक वाक्ये न अडखळता म्हटली म्हणजे बापाचे डोळे भरून येतात, ते का हे आम्हाला ठाऊक आहे. अशा बापाला जाऊन, तुमच्या मुलीने घरच्या बोलीत बोलावे, असे सांगणे म्हणजे मिळालेले काढून घेणेच नव्हे काय? शिवाय आपल्या लहान धर्मग्रामांत गोव्याची, केरळची, रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली तेलुगू कुटुंबे असतात. त्यांना पुस्तकी मराठीच अधिक जवळची वाटते.

या आक्षेपाला आम्ही मान देतो, पण त्याचा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. बोली अपमानास्पद ठरते ती केवळ मेंढपाळालाच दिली जाते तेव्हा. तीच गब्रिएलाला द्या, मारियेच्या होकाराला द्या, म्हणजे बापाच्या डोळ्यांतील पाणी आटणार नाही. आणि पुस्तकी मराठी नाहीशी व्हावी असे आम्ही म्हणतच नाही. ती पिलाताची, हेरोदाच्या दरबाऱ्यांची, कायदेपंडितांची भाषा म्हणून उत्तम शोभेल; तिथे ती अस्खलित बोलणारी मुलगीही लागेलच. परक्या मुलखातून आलेल्यांची अडचण फादर थॉमस स्टीफन्स यांना आपल्याहून अधिक ठाऊक होती. इंग्लंडात जन्मलेला हा येशूसंघीय १६१६ साली राशोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापून घेतो तेव्हा त्याच्यापुढे मराठीचे ग्रांथिक रूप होते आणि त्याचे त्याला अपार प्रेमही होते. तरीही सामान्य श्रोत्यांना उमगावे म्हणून तेथील लोकांच्या बोलण्यातील सोपे शब्द आपण त्यात मिसळले, असे तो प्रस्तावनेत स्पष्ट सांगतो. चारशे वर्षांपूर्वी परदेशी माणसाला सुचलेली ती तडजोड आपल्या ओट्यावर अजून पोहोचलेली नाही. १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने उपासनेला लोकभाषेचे दार उघडले, तेव्हा आपण लॅटिनच्या जागी मराठी आणली आणि त्या मराठीलाच हळूहळू लॅटिन करून टाकले.

पात्रनिवड गंभीरपणे घेतली म्हणजे काय होते, याचे उदाहरण कॅथलिक जगातच आहे. जर्मनीतील बव्हेरियात ओबरआमेरगाउ नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. १६३३ साली प्लेगच्या साथीत गावाने नवस केला आणि १६३४ पासून तेथे येशूच्या दुःखसहनाचे नाटक होत आले, साधारणपणे दर दहा वर्षांनी. २०२० चा प्रयोग महामारीमुळे लांबून २०२२ साली झाला. भूमिका गावकऱ्यांनाच, बाहेरून आलेल्याने वीस वर्षे गावात काढलेली असावीत. निवड झाली की नावे साऱ्या गावासमोर फळ्यावर लिहिली जातात, आणि त्यानंतर येणाऱ्या राखेच्या बुधवारपासून दाढी-केस कापणे बंद. तेथेही भांडणे झाली. विवाहित किंवा पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना भूमिका मिळत नसत. १९९० साली न्यायालयाने ती अट मोडली. आपल्याकडे अशी अट कोणी लिहून ठेवलेली नाही, परंतु लग्न झालेल्या बाईला क्रुसाखालच्या मारियेसाठी कोणी विचारते काय? तरुण मुलाचे प्रेत मांडीवर घेणारी ती आई पन्नाशीच्या आसपासची असणार, हे साधे गणित आपण सोळा वर्षांची मुलगी उभी करून दरवर्षी चुकवतो.

ओबरआमेरगाउने दुसरीही एक गोष्ट केली, आणि ती अधिक अवघड होती. त्या नाटकातील यहुदी लोकांचे चित्रण विषारी होते. हिटलरने त्याचे कौतुक केले होते. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर ठेवता येणार नाही असे सांगितले. त्यानंतर, विशेषतः १९९० पासून दिग्दर्शक असलेल्या क्रिस्टियान श्ट्युकल यांच्या काळात, संहिता पुनःपुन्हा दुरुस्त झाली. २०२२ च्या प्रयोगात यहुदा इस्कार्योत झाला तो तुर्की वंशाच्या मुस्लिम कुटुंबातील गावचाच तरुण, आणि हा यहुदा खलपुरुष नसून आशाभंग झालेला शिष्य होता. आपल्याकडे याची आठवण रंगभूषेच्या वेळी व्हावी. परुशी म्हटले की आपला रंगभूषाकार लांब दाढ्या चिकटवतो, शिष्यांना मात्र मऊ, आखूड दाढ्या. सचखंड हुजूर साहिबच्या नांदेडात, जेथे दाढी-पगडी हा शेजाऱ्याच्या श्रद्धेचा भाग आहे आणि जेथे मुस्लिम वस्ती शतकांची आहे, तेथे दाढीच्या लांबीने दुष्टपणा मोजला जावा हे आम्हाला पाहवत नाही. येशूही यहुदीच होता; दाढ्या सर्वांना सारख्या लावाव्यात किंवा कोणालाच लावू नयेत.

क्रुसाखालच्या मारियेचा उल्लेख वर आला. 'हे प्राणप्रिय पुत्रा, ही विटंबना मी कैसी अवलोकन करू' अशा धाटणीची वाक्ये तिच्या तोंडी असतात. लातूर जिल्ह्यात अशी वाक्ये लिहिणाऱ्याला आम्ही एकच विचारू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या सकाळी ढिगाऱ्यांवर बसलेल्या आया कोणत्या मराठीत रडल्या? या मातीला शोकाची भाषा आहे. तिला लय आहे. मेलेल्याला नावाने, नात्याने, त्याच्या खोड्यांसह हाक मारण्याची तिची रीत आहे. ती भाषा ज्यांच्या कंठात आहे अशा बायका आपल्या प्रत्येक धर्मग्रामात शेवटच्या बाकावर बसतात. त्यांतील काहींना वाचता येत नाही. म्हणून निवडीच्या वेळी त्यांना बोलावले जात नाही. त्यांना प्रसंग सांगावा आणि बोलू द्यावे. संहिता मागाहून लिहावी.

येत्या उपवासकाळापूर्वी कोणा मंडळाला वाचनाची एक संध्याकाळ ठेवावयाची असेल तर आम्ही प्रमुख याजकाच्या अंगणातला प्रसंग सुचवू. तो जेमतेम अर्ध्या पानाचा आहे, रंगमंच लागत नाही, एक शेगडी पुरते. दासी पेत्राला ओळखते, तो नाकारतो. मग उभे असलेले लोक म्हणतात की तुझ्या बोलण्यावरूनच तू कोण ते कळते. आम्ही पाहिलेल्या प्रयोगांत हे वाक्य एक तर वेळेअभावी गाळलेले असते, नाही तर निरर्थक झालेले असते, कारण पेत्र, दासी आणि शिपाई तिघेही एकच पाठ्यपुस्तक बोलत असतात. पेत्र या प्रसंगात आपली बोली लपवीत असला पाहिजे. तो शहरी, बेतलेले मराठी बोलू पाहतो. पहिल्या नकाराला ते जमते, दुसऱ्याला घसरते. तिसऱ्या वेळी, शुभवर्तमान सांगते, तो शपथा वाहू लागतो. शपथ घेताना माणूस आईच्या भाषेत येतो. तेथे 'मी त्याला वळखतबी न्हाई' हे त्याच्या तोंडून निसटले की नकार आणि कबुली एकाच वाक्यात होतात. ही भूमिका वक्तृत्वाचे बक्षीस मिळालेल्या मुलाला अवघड जाईल; मेंढपाळांच्या रांगेतला एखादा ती पहिल्याच वाचनात करील. दासीसाठी सावळी मुलगी घ्यावी आणि तिला अंगणाच्या मालकिणीसारखे उभे करावे, कारण त्या रात्री तिथे खरे बोलणारी ती एकटीच आहे. कोंबडा ध्वनिफितीवरचा नको. हुबेहूब आरवणारा एक तरी मुलगा प्रत्येक धर्मग्रामात असतो, आणि त्याला आजवर कोणी भूमिका दिलेली नसते.